खाली पडलेलं कोण उचलणार

हे लिहायला मला निगारने सांगितलं. निगार माझी फिजिओथेरपिस्ट. तिच्याकडे नव्याने येणाऱ्या माणसांना काहीतरी वाचायला द्यायचं होतं तिला. मी विचारलं, "काय लिहू? धीर धरा, सगळं ठीक होईल?" ती म्हणाली, "वो तो सब बोलते हैं, विनयाजी. आप वो लिखिए जो कोई नहीं बोलता."

म्हणून हे. मी गोड बोलणारी बाई नाही, आजारापूर्वीही नव्हते. 'प्रेरणादायी' हा शब्द कुणी माझ्याबद्दल वापरला की मला अजून त्या माणसाच्या अंगावर काहीतरी फेकावंसं वाटतं. फेकलेलं परत आणून द्यायला आता घरात एक जण आहे, ही गोष्ट वेगळी.

चप्पल

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. दिल्लीत, मयूर विहारमधल्या एका सोसायटीत पाचव्या मजल्यावर आम्ही दोघं राहतो, मी आणि माझा नवरा प्रमोद. दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत, वेगवेगळ्या मंत्रालयांत. दोघंही मूळचे नगरकडचे. मूल नाही, आणि त्याचं कारण सांगायची मला गरज वाटत नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी ऑफिसच्या कॉरिडॉरमध्ये आमचा शिपाई मागून ओरडला, "मैडम, आपकी चप्पल पीछे रह गई!" एका पायात चप्पल नसताना मी वीसेक पावलं चालले होते आणि मला पत्ताच नव्हता. संध्याकाळी घरी पोचले तेव्हा दोन्ही पाय दुसऱ्या कुणाचे तरी वाटत होते. लघवी होत नव्हती. बुधवारी सकाळी पलंगावरून पाय खाली सोडले, उठायला गेले आणि जागच्या जागी खाली बसले. पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. प्रमोद दात घासत होता, त्याला कळलंच नाही.

दोन दिवस तपासण्या झाल्या. पाठीतून पाणी काढलं, त्या भोंग्यासारखा आवाज करणाऱ्या नळकांड्यात तासभर झोपवलं. तिसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर आले, माझ्या पलंगाच्या पायाशी उभे राहिले आणि माझ्या डोक्यावरून प्रमोदला म्हणाले, "ट्रान्सव्हर्स मायलायटिस है. मतलब स्पाइनल कॉर्ड में सूजन. थोडी रिकव्हरी हो भी सकती है, नहीं भी. इनको आराम से बता दीजिएगा."

मी तिथेच होते. गेले होते ते पाय, कान शाबूत होते.

"मुझे बताइए," मी म्हणाले. "मेरी पीठ है."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसले. लहान मुलीने मध्येच कविता म्हणून दाखवली तर मोठी माणसं जसं हसतात, तसं. मग ते पुढच्या पलंगाकडे गेले. त्या हसण्याला मी अजून माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही.

वॉर्ड

हॉस्पिटलात मी सात आठवडे होते. तिथल्या दिवसाला माझी काही गरज नव्हती. तो मला वगळून चालायचा. दर दोन तासांनी दोघीजणी येऊन मला कुशीवर वळवायच्या, आपसात आपल्या नणंदांबद्दल बोलत. लघवीची पिशवी कुणीतरी येऊन बघायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचं. भेटायला येणारे माझी पांघरलेली चादर ओढून सारखी करायचे. का, ते देव जाणे. सगळ्यांनाच माझ्या अंगावरचं काहीतरी सारखं करायचं असायचं.

आमच्या चर्चमधल्या बायका आल्या. त्यांनी माझ्या पायांवर हात ठेवून प्रार्थना केली. मला त्या हातांचा स्पर्श कळत नव्हता हे त्यांना मी सांगितलं, तर एक जण म्हणाली, "विनया, मनात काही किल्मिष राहिलंय का, शोध." शेजारच्या शर्मा वहिनींनी दोरा आणला. एका सहकाऱ्याने दर्ग्याची चादर आणली. देव-धर्माच्या बाबतीत दिल्लीत भेदभाव नाही; सगळे सारखेच निर्दयपणे आशावादी असतात.

एकच नर्स होती, बिंदू. ती मला हात लावण्याआधी विचारायची, "मॅडम, करू?" ती दोनच मराठी शब्द शिकली होती, आणि त्यातला हा एक. मी "नको" म्हटलं तर ती खरंच थांबायची, पाच मिनिटांनी परत येऊन पुन्हा विचारायची. त्या सात आठवड्यांत माझ्या 'नको'ला किंमत देणारं तेवढं एक माणूस भेटलं.

घर

घरी आले तेव्हा प्रमोदने दोन दारं रुंद करून घेतली होती, बाथरूमचा उंबरा फोडला होता. नगरहून माझी आई येऊन राहिली होती. आणि मग सुरू झाला तो चांगुलपणा.

नीट समजून घ्या. माझे हात धडधाकट होते. डोकं ठिकाणावर होतं. छातीखालचं अंग मात्र माझं ऐकत नव्हतं, त्यामुळे खुर्चीत बसून पुढे वाकलं की तोल जायचा आणि मी पोत्यासारखी पुढे कलंडायची. बाकी मी सतरा वर्षं फायली हाताळलेली सेक्शन ऑफिसर होते. पण प्रमोद माझ्या पोळीचे तुकडे करून द्यायचा. आई माझे केस विंचरायची, तेही मधे भांग पाडून, शाळेत पाडायची तसा. कुणी फोनवर विचारलं "विनया कशी आहे?" तर प्रमोद सांगायचा, "आज जेवली व्यवस्थित." मी शेजारी बसलेली असायची.

आणि जमीन. जमीन हा माझा शत्रूचा मुलूख झाला होता. वस्तू खाली पडली की गेली. चष्मा, पेन, रिमोट, गोळीची पट्टी. आई दुपारी झोपली की जे पडेल ते चारपर्यंत तिथेच. एकदा मोबाइल पडला. तो माझ्या पायाशी पाऊण तास वाजत होता आणि मी त्याच्याकडे बघत बसले होते. फोन प्रमोदचा होता. मी उचलला नाही म्हणून तो घाबरून ऑफिस सोडून टॅक्सीने घरी आला. घामाघूम. त्याने फोन उचलून माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "आता मी वर्क फ्रॉम होम मागतो."

मी म्हणाले, "तू नोकरी सोड आणि माझ्या पायाशी बसून राहा. वस्तू पडली की झेल."

मला त्याला दुखवायचं होतं. पण तो विचारात पडला. खरोखरच विचारात पडला! त्या क्षणी मला आजारापेक्षा त्याची जास्त भीती वाटली.

लाडो

कुत्र्याची कल्पना निगारची. मी तिला सरळ सांगितलं, मला कुत्री आवडत नाहीत. लहानपणी चावलंय वगैरे काही नाही. वास येतो, लाळ गाळतात, आणि सारखं प्रेम करतात. प्रेम करणारे घरात आधीच दोन होते.

"मिल तो लीजिए," निगार म्हणाली.

गुरुग्रामच्या पलीकडे एका शेतघरात सूबेदार रणबीर राहतात. फौजेत आयुष्यभर कुत्र्यांना शिकवलं, आता माझ्यासारख्यांसाठी शिकवतात. साठीचे, अंगाने वाळके, मिशी पांढरी. त्यांनी मला 'बेचारी' या नजरेने पाहिलं नाही. माझी खुर्ची पाहिली. ब्रेक हलवून बघितला आणि आपल्या हरियाणवीत म्हणाले, "ढीला सै. कसवाओ इसको, गिरोगी."

मग त्यांनी कुत्री आणली. फिकट पिवळी लॅब्रॉडोर, दोन वर्षांची. नाव लाडो. म्हणजे लाडकी लेक. मला नावच आवडलं नाही.

माझ्या मांडीवरचा किल्ल्यांचा जुडगा घसरून खाली पडला. मी सवयीने "प्रमोद" म्हणायला तोंड उघडलं, तोवर त्या कुत्रीने तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला होता. लाळेने ओला.

"शी!" मी म्हणाले.

सूबेदार खळखळून हसले. "लार तो धुल जावै सै, मैडम. आदमी का अहसान कोनी धुलता."

'कोनी' म्हणजे नाही. मी किल्ल्या ओढणीला पुसल्या. गाडीत परत येताना प्रमोद म्हणाला, "तुला नको असेल तर राहू दे." मी म्हणाले, "मला नको असं मी म्हटलंय का?"

पुढचे दोन महिने आठवड्यातून तीनदा आम्ही तिकडे जात होतो. कुत्रीचं शिक्षण केव्हाच झालं होतं. शिकायचं होतं मला. मी ओरडायची, ती कान पाडून बसायची. सूबेदार म्हणायचे, "फाइल ना है यो, के जोर से बोलोगी तो आगे बढ़ेगी." हळू, एकच शब्द, एकाच सुरात. उठा, म्हणजे उचल. खींच. बंद. कुर्सी. हुकूम सगळे हिंदीत, कारण लाडो वाढली हरियाणात. आईला याचं फार वाईट वाटलं. "आपल्या घरात राहणार आणि मराठी येत नाही?" ती म्हणाली. तिने दोन दिवस लाडोला 'ये गं बाई' शिकवायचा प्रयत्न केला.

घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात लाडोने चष्मा उचलला, पेन उचललं, मोजे ओढून काढले, फ्रिजच्या मुठीला बांधलेली दोरी ओढून दार उघडलं. बाथरूमच्या दिव्याचं बटण नाकाने दाबायला शिकली आणि मग दिवसभर उगाच दाबत राहिली. तिने माझा एक चांगला स्वेटर खाल्ला. सोसायटीतल्या भटक्या कुत्र्यांनी गेटाजवळ तिला घेरलं तेव्हा ती माझ्या खुर्चीखाली लपली. शूर नाही. मला तिचा राग यायचा, आणि तो राग अगदी बरोबरीचा होता. बऱ्याच दिवसांनी कुणाचा तरी साधा राग येत होता, आभाराखाली न दबलेला.

शिवाय तिला माझ्याबद्दल वाईट वाटत नव्हतं. वस्तू उचलली की खाऊ मिळायचा. व्यवहार संपला. ती जाऊन झोपायची.

लिफ्ट

आमच्या ब्लॉकला दोन लिफ्ट आहेत. एक माणसांची, एक सामानाची. सामानाची लिफ्ट मागच्या बाजूला आहे आणि तिच्यापुढे दोन पायऱ्या आहेत. लाडो आल्यावर तिसऱ्या आठवड्यात माणसांच्या लिफ्टमध्ये कागद चिकटला: पालतू जानवरों का प्रवेश वर्जित. सामान वाली लिफ्ट का प्रयोग करें.

मी सेक्रेटरी खुराना साहेबांना फोन केला. निवृत्त बँक मॅनेजर. गोड बोलतात.

"मैडम, आपसे पूरी सहानुभूति है," ते म्हणाले. "पर बच्चे डरते हैं. कुत्ता पीछे से आ जाए, आप आगे से आ जाइए. प्रॉब्लेम क्या है?"

"वो अकेली लिफ्ट से आएगी? बटन दबाकर?"

"भाईसाहब ले आएँगे ना."

मी फोन ठेवला आणि लॅपटॉप उघडला. पाय गेले तरी नोटिंग लिहायचा हात गेला नव्हता. मी सोसायटीला एकपानी पत्र लिहिलं. हा निर्णय कोणत्या सभेत, कोणत्या ठरावाने झाला? ठरावाची प्रत द्यावी. उपविधीचं कोणतं कलम? लाडो पाळीव प्राणी नसून माझ्या अपंगत्वासाठी शिकवलेला मदतनीस आहे, हे सोबतच्या डॉक्टरांच्या पत्रावरून पाहावं. उत्तर लेखी द्यावं.

उत्तर आलं नाही. जनरल बॉडीची नोटीस आली.

रविवारी संध्याकाळी कम्युनिटी हॉलमध्ये सभा. मी लाडोला घेऊन माणसांच्याच लिफ्टने खाली गेले. प्रमोद माझ्या मागे. हॉलमध्ये शिरताच दोन बायकांनी पाय वर घेतले.

बोलणं सुरू झालं. ॲलर्जी. लहान मुलं. केस. स्वच्छता. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "आज इनका कुत्ता, कल कोई बकरी ले आएगा." लोक हसले. कुणीतरी म्हणालं, मोलकरीण ठेवा ना दिवसभराची, कुत्र्यापेक्षा बरी. माझ्याकडे बघून कुणीच बोलत नव्हतं. सगळे प्रमोदकडे बघत होते.

आणि प्रमोद उठला. हात जोडून म्हणाला, "कोई बात नहीं जी. मैं ही ले आया करूँगा पीछे से. इसमें झगड़ा क्या."

हॉलमध्ये सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मी तो ऐकला.

मी म्हणाले, "बात है."

मी खुर्ची पुढे घेतली. "ये घर पर नहीं होंगे तो मैं नीचे कैसे आऊँगी? आप लोग मुझे बता रहे हैं कि मैं अपने पति के साथ ही बाहर निकल सकती हूँ. ये रूल किसी और औरत के लिए है यहाँ?"

खुराना साहेब म्हणाले, "मैडम, इमोशनल मत होइए. वोटिंग करा लेते हैं."

"करा लीजिए," मी म्हणाले. "पर पहले गिन लीजिए. एक तिहाई मेंबर चाहिए. मिनट्स में लिखिए, कितने हाज़िर हैं."

त्यांनी मोजलं. एकशे वीस फ्लॅटची सोसायटी. हॉलमध्ये एकोणीस जण होते. बाकीचे घरी टीव्हीवर क्रिकेट बघत होते. गणपूर्ती नाही, ठराव नाही, म्हणून तो कागदही नाही. मी तिथल्या तिथे मिनट्सवर ते लिहून घेतलं, खाली खुराना साहेबांची सही घेतली, वर गेले आणि जाताना लिफ्टमधला कागद फाडला. त्याचं खालचं टोक माझ्या हाताला येत होतं.

विजय वगैरे काही नाही. त्यानंतर कुणी माझं अभिनंदन केलं नाही. आजही मी लिफ्टची वाट बघत असले की काही जण जिन्याने जातात. जाऊ देत. लिफ्ट रिकामी मिळते.

भांडण

घरात शिरल्या शिरल्या मी प्रमोदला म्हणाले, "मला सगळ्यांसमोर विकलंस."

"मी भांडण मिटवत होतो."

"मी तुला मिटवायला सांगितलं होतं? तुला काय वाटतं, मी कायम तुझ्या मागे मागे यायचं? कुत्री पण तूच आणणार, मला पण तूच नेणार?"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "विनया, तो बिचारा किती करतो."

"तेच तर!" मी ओरडले. "तेच थांबवा कुणीतरी!"

प्रमोद इतका वेळ उभा होता. तो जेवणाच्या टेबलापाशी बसला. मी त्याला वीस वर्षं ओळखते, तो ओरडत नाही. तेव्हाही ओरडला नाही.

"त्या सकाळी मी दात घासत होतो," तो म्हणाला. "तू आत पडली होतीस आणि मी नळ चालू ठेवून दात घासत होतो. मला ऐकू आलं नाही. तेव्हापासून मी कान लावून बसलोय, विनया. ऑफिसात, झोपेत, सगळीकडे. आता ते कुत्रं ऐकणार म्हणतेस. मग मी काय करू?"

मला त्याची कीव आली नाही, हे खरं खरं लिहिते. मला राग आला. माझ्या पडण्यावर त्याने आपलं घर बांधलं होतं आणि मला त्यात भाडेकरू ठेवलं होतं. मी म्हणाले, "ते मला विचारू नकोस." आणि आतल्या खोलीत गेले. लाडो मागे आली, तिने दोरी ओढून दार लावलं.

चार दिवस आम्ही मीठ-मिरचीपुरतं बोललो.

खाली

पुढच्या रविवारी सकाळी आई आणि प्रमोद चर्चला गेले. मी चर्चला जाणं सोडलं होतं. दहाच्या सुमाराला पलंगावरून खुर्चीत सरकत होते. ब्रेक ढिला होता. सूबेदारांनी सांगितलं होतं, मी कसून घेतला नव्हता. खुर्ची मागे सरकली, मी मधल्या जागेत. कोपर पलंगाच्या पट्टीवर आपटलं. खुर्ची घरंगळत जाऊन कपाटाला टेकली.

मी जमिनीवर होते. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिथून घर बघत होते. पलंगाखाली धूळ होती आणि माझी कानातली हरवलेली कुडी होती.

"लाडो, फोन."

तिने फोन आणून दिला. मी प्रमोदचं नाव काढलं. अंगठा त्यावर ठेवला. तो प्रार्थना सोडून पळत येईल, मला काखेत धरून उचलेल, माझ्या अंगावरची धूळ झटकेल, आणि मग पुन्हा कधी चर्चला जाणार नाही. हे सगळं मला स्पष्ट दिसलं. मी फोन बाजूला ठेवला.

"लाडो, कुर्सी."

ती गोंधळली. हे तिने शेतघरात केलं होतं, घरात कधी नाही. मी हळू, एकाच सुरात पुन्हा म्हणाले. ती गेली, खुर्चीला बांधलेला पट्टा दातात धरला आणि मागे मागे येत ओढायला लागली. खुर्ची सतरंजीत अडकली. तिने सोडून दिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी शिवी दिली. मग पुन्हा, "लाडो, कुर्सी. खींच." तिसऱ्या खेपेला खुर्ची आली. मी ब्रेक हाताने दाबून, वर माझी ओढणी गुंडाळून बांधला. मग गादीवरची जाड उशी, "खींच." मग आईचा मोडा, म्हणजे वेताचं बसकं स्टूल, त्याच्या पायाला तोंड लावून तिने तो कसाबसा ढकलत आणला.

निगारने शिकवलं होतं: जमिनीवरून उशीवर, उशीवरून मोड्यावर, मोड्यावरून खुर्चीत. शिकवताना ती मागे उभी असायची. आता मागे कुणी नव्हतं. उशीवर चढायला दोन प्रयत्न लागले. मोड्यावरून दोनदा घसरले. दंड थरथरत होते, घाम डोळ्यांत जात होता, आणि मी मोठ्याने रडत होते. दुःख वगैरे काही नव्हतं, नुसता संताप. लाडो माझ्या तोंडाशी येऊन चाटायला लागली. "हट!" मी म्हणाले. ती हटली. शेवटच्या वेळी मी दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा धरल्या, ढुंगण वर फेकलं आणि बसले.

घड्याळात अकराला पाच कमी होती.

ते दोघं परत आले तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा करत होते. प्रमोदने माझं सोललेलं कोपर पाहिलं.

"कोण आलं होतं?"

"कुणी नाही."

"मग उठलीस कशी?"

मी सांगितलं. आई खाली बसली आणि डोळ्याला पदर लावला. प्रमोदचा चेहरा लाल झाला. "मला फोन का नाही केलास? हातात फोन होता ना?"

"होता."

त्याने आतल्या खोलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "दाखव."

आम्ही आतल्या खोलीत गेलो. मी दाखवलं, खुर्ची कुठे गेली, कुठे अडकली. तो गुडघ्यांवर बसून सगळं बघत होता, एखाद्या साइटची पाहणी करावी तसा. सतरंजी त्याने गुंडाळून बाहेर काढली. पाना आणून ब्रेक कसला. खुर्चीला दुसऱ्या बाजूनेही पट्टा बांधला, दुहेरी गाठ मारून. मोड्याच्या पायाला दोरीचा फास केला आणि तो मोडा पलंगापासून हाताच्या अंतरावर ठेवला. मग लाडोकडे बघून, एकदम अवघडून, म्हणाला, "शाबास."

माझ्या अंगाला त्याने हात लावला नाही. कोपराला औषध माझं मी लावलं.

आता

आई त्या हिवाळ्यात नगरला परत गेली. मी ऑफिसात आठवड्यातून तीन दिवस जाते, ठरवलेल्या टॅक्सीने, लाडोसकट. ती टेबलाखाली घोरते आणि सहसचिवांच्या बुटांवर लाळ गाळते. पाय तसेच आहेत. मी बरी झालेली नाही, होणार नाही. लोक अजून मला सोडून माझ्या शेजारच्याला विचारतात, मॅडमना चहा चालेल का. मी अजून चिडते. चिडणं सोडू नका, एवढंच नव्याने आजारी पडलेल्यांना सांगेन. पण ब्रेक कसून घ्या.

मागच्या महिन्यात प्रमोदला गुवाहाटीला पाच दिवसांची टूर आली. त्याने ती नाकारली नाही. मला विचारलंही नाही. बॅग भरली आणि सांगितलं. निघताना दारात तीनदा थांबला. गॅस, औषधं, शर्मा वहिनींचा नंबर. मी "हो, हो" म्हणत होते. शेवटी तो गेला. लाडोने दार ओढून घेतलं.

थोड्या वेळाने फोन वाजला. तो सोफ्याखाली पडला होता; तिने आणून दिला, नेहमीसारखा ओला.

"सगळं ठीक?" प्रमोदने विचारलं. मागे एअरपोर्टची घोषणा चालू होती.

"तुला जाऊन तासही झाला नाही."

"हो. म्हणजे... ठीक ना?"

"प्रमोद, फोन ठेव. मला कामं आहेत."

आणि खरंच होती. कुकर लावायचा होता, ऑफिसची एक फाइल वाचायची होती, आणि लाडोने उलथवलेल्या डब्यातली डाळ जमिनीवर पसरली होती. ती मी झाडूचा लांब दांडा धरून, खुर्ची मागे-पुढे करत, दुपारपर्यंत एकटीने गोळा केली.